शेवाळाचे इंधन आणि खाडीकाठचे पाणी

कोपर हे गाव आज डोंबिवलीच्या इमारतींत इतके मिसळून गेले आहे की, दिव्याकडून लोकलने येणाऱ्या उतारूला ते केवळ एका स्थानकाचे नाव वाटावे. परंतु रूळ ओलांडून पश्चिमेकडे तिवरांच्या रांगेपर्यंत जो चालत जाईल, त्याला उल्हास नदीची खाडी भेटते, आणि ओहोटी लागलेली असेल तर त्या खाडीचा उघडा पडलेला चिखलही पाहावयास मिळतो. हिवाळ्यातील स्वच्छ दुपारी ह्या चिखलाकडे क्षणभर वाकून पाहावे. त्याच्या करड्या पृष्ठभागावर तपकिरी-हिरवट रंगाचा एक पातळ, ओलसर थर धरलेला असतो, आणि ऊन चढू लागले म्हणजे त्या थरावर टाचणीच्या माथ्याएवढे असंख्य बुडबुडे उठू लागतात. हे बुडबुडे प्राणवायूचे असतात. तो थर डायटम व तत्सम सूक्ष्म शैवालांचा असतो, आणि आगरी-कोळी माणूस ज्यांना निवटे म्हणतो ते चिखलावर सरपटणारे मासे ह्याच थरावर चरत असतात. भरतीचे पाणी चढले की हा सारा व्यवहार झाकला जातो आणि पुढच्या ओहोटीला पुन्हा सुरू होतो.

ह्याच कुळातील सूक्ष्म वनस्पतींपासून मोटारींचे व विमानांचे इंधन काढावे, ही कल्पना नवी नाही, आणि ती केवळ स्वप्नाळूही नाही. सूर्यप्रकाश, पाणी व कर्बद्विप्राणिल वायू ह्यांपासून अन्न तयार करण्याचे जे काम आंबा करतो, भात करतो, तेच काम शेवाळ करते. फरक इतकाच की, मुळे, खोड, फांद्या, फुले ह्यांच्या उभारणीत त्याला आपली मिळकत खर्च करावी लागत नाही. एकच पेशी, तीच पान आणि तीच बी. अनुकूल परिस्थितीत काही तासांपासून एक-दोन दिवसांत तिच्या दोन पेशी होतात. त्यांतील अनेक जाती आपल्या शिलकेचा साठा तेलाच्या सूक्ष्म थेंबांच्या रूपाने पेशीतच करून ठेवतात. किंबहुना आज आपण पंपावर विकत घेतो त्या खनिज तेलाचा मोठा भाग प्राचीन समुद्रांच्या तळाशी गाडल्या गेलेल्या शैवालांच्या व सूक्ष्म जीवांच्या अवशेषांतूनच उत्पन्न झालेला आहे. निसर्गाने जे काम कोट्यवधी वर्षांच्या मुदतीत केले, ते आठवड्याभरात करता येईल काय, असा हा प्रश्न आहे.

कागदावरचा हिशेब मांडला तर उत्तर फार आशादायक दिसते. उथळ तळ्यात प्रत्येक चौरस मीटरमागे रोज २० ग्रॅम सुके शेवाळ वाढले आणि त्यात चौथा हिस्सा तेल असले, तर वर्षाकाठी एका हेक्टरात सुमारे १८ टन तेल पदरात पडते. तेलबियांमध्ये ज्याचा हात कोणी धरू शकत नाही त्या तेलमाडापासूनही हेक्टरी पाच-सहा हजार लिटरच्या आसपास तेल मिळते, आणि सोयाबीनचे तर त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. शिवाय शेवाळाला सुपीक जमीन लागत नाही. खारे पाणी, मचूळ पाणी, कशातही त्याची जात सापडते. भाताचे शेत मोडून मोटारीसाठी पीक घ्यावे काय, ही जी नैतिक अडचण इतर जैवइंधनांच्या वाटेत उभी राहते, ती येथे मुळातच उद्भवत नाही. आपल्याकडे ह्या संदर्भात मोगली एरंडाची आठवण ताजी आहे. २००२ सालच्या अखेरच्या दिवशी त्याच्या तेलाचे मिश्रण वापरून दिल्ली-अमृतसर शताब्दी गाडी चालवून दाखवण्यात आली, पुढच्या वर्षी नियोजन आयोगाच्या समितीने त्याच्या लागवडीचा राष्ट्रव्यापी कार्यक्रम सुचवला, आणि पडीक जमिनीवर पाण्यावाचून हे झाड भरघोस बिया देईल ह्या भरवशावर गावोगाव रोपे लागली. कुंपणाला लावलेले झाड जगते हे खरे. परंतु जगणे आणि उत्पन्न देणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे लागवड करणाऱ्यांना लवकरच कळून आले.

शेवाळाच्या बाबतीतही कागद आणि तळे ह्यांतील अंतर लोकांना पायरी-पायरीने उमगत गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेलाच्या टंचाईने गांजलेल्या जर्मनीत काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी डायटमपासून स्निग्ध पदार्थ काढण्याची सूचना केली होती. पुढे खनिज तेलाचे भाव भडकल्यावर अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ साली ह्या विषयाचा रीतसर कार्यक्रम हाती घेतला, तीन हजारांच्या आसपास जाती गोळा केल्या, न्यू मेक्सिकोतील रॉझवेल येथे हजार-हजार चौरस मीटरांची तळी बांधली, आणि सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च करून १९९६ साली ते दप्तर बंद केले. त्या कार्यक्रमाचा १९९८ साली प्रसिद्ध झालेला अहवाल आजही वाचनीय आहे, कारण त्यात यशापयश दोन्ही मोकळेपणाने नमूद केले आहे. एखाद्या दिवशी चौरस मीटरमागे ५० ग्रॅमपर्यंत उत्पन्न मिळाले. पण वाळवंटातील रात्रीच्या गारठ्यामुळे वर्षाची सरासरी १० ग्रॅमच्या आसपास राहिली. प्रयोगशाळेत निवडलेली उत्तम जात उघड्या तळ्यात सोडली, तर तेथील रानटी जाती तिला हुसकावून लावीत. आणि सर्वांत मोठी अडचण अशी की, जी जात तेल साठवते ती वाढत नाही, व जी वाढते ती तेल साठवीत नाही. कारण नायट्रोजनाची उपासमार झाली म्हणजेच पेशी तेलाचा साठा करू लागते, आणि त्याच उपासमारीने तिचे विभाजन थांबते.

ही गाठ सोडवण्यासाठी पुढे फार मोठ्या रकमा खर्ची पडल्या. एक्सॉनमोबिल ह्या बलाढ्य तेल कंपनीने २००९ साली जनुकशास्त्रज्ञ क्रेग व्हेंटर ह्यांच्या संस्थेशी करार करून साठ कोटी डॉलरपर्यंत खर्चाची तयारी दाखवली. २०१७ साली एका जातीतील तेलाचे प्रमाण जनुकीय फेरफाराने दुप्पट केल्याचे जाहीर झाले. आणि २०२३ च्या आरंभी कंपनीने ह्या कामातून अंग काढून घेतले. २०११ च्या नोव्हेंबरात युनायटेड कंपनीचे एक प्रवासी विमान शैवालजन्य इंधनाचे मिश्रण भरून ह्यूस्टनहून शिकागोला गेले, त्याचा जगभर गाजावाजा झाला. पण ते शेवाळ उन्हात वाढलेलेच नव्हते, बंद टाक्यांत, अंधारात, साखर चारून ते पोसलेले होते. ज्या प्रांतात उसाच्या साखरेपासून थेट इथेनॉल होते, त्या महाराष्ट्राच्या वाचकाला ह्या वळशाचे मर्म निराळे समजावून सांगायला नको.

आपल्या देशातही हातावर हात ठेवून कोणी बसले नव्हते. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने समुद्री शैवालांपासून बायोडिझेल काढून २०१२ साली त्याच्या वीस टक्के मिश्रणावर मोटार चालवून दाखवली. जामनगरच्या शुद्धीकरण कारखान्याजवळ रिलायन्सने अल्जेनॉल ह्या अमेरिकन कंपनीच्या पद्धतीचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभारल्याचे २०१५ साली जाहीर केले. मुंबईत माटुंग्याला, १९३३ साली विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग म्हणून सुरू झालेल्या संस्थेत केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने ऊर्जाविषयक जैवविज्ञानाचे केंद्र चालते. तेथेही सूक्ष्म शैवालांवर काम झाले आहे. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात शेवाळाचा उल्लेख आहे. इतके सारे असूनही शेवाळाचे डिझेल आजवर कोणत्याही पंपावर नियमाने विक्रीस आलेले नाही, आणि ह्याचे खरे कारण जीवशास्त्रात जितके आहे त्याहून अधिक पाण्यात आहे.

ते कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. उघड्या तळ्यातील पाणी डोळ्यांना कितीही गर्द हिरवे दिसले, तरी त्याच्या एका लिटरात सुके शेवाळ अर्ध्या ग्रॅमच्या आसपासच असते. एक किलो तेल हवे असेल तर पंचवीस टक्क्यांच्या हिशेबाने चार किलो सुके शेवाळ पाहिजे, आणि त्यासाठी आठ हजार लिटर पाणी हाताळले पाहिजे. म्हणजे उन्हाळ्यात आपल्या सोसायटीच्या दारात उभा राहतो तसा एक मोठा टँकर, आणि त्यातून निघणार एक किलो तेल. पेशी इतक्या बारीक असतात की, साध्या फडक्यातून त्या गाळून निघत नाहीत, आणि इतक्या हलक्या की, त्या आपसूक तळाशीही बसत नाहीत. त्यांना तुरटीसारखा क्षार घालून एकत्र आणावे लागते, किंवा वेगाने फिरणाऱ्या यंत्रात घालून पाण्यापासून अलग करावे लागते. एवढे केल्यावर जो लगदा हाती येतो त्यातही चार हिस्से पाणी व एक हिस्सा शेवाळ असते. म्हणजे आपल्या त्या चार किलोंबरोबर अजून सोळा किलो पाणी शिल्लक आहेच. ते आच देऊन उडवायचे म्हटले तर किलोमागे अडीच मेगाज्यूल उष्णता लागते, एकूण चाळीस. आणि ज्या एक किलो तेलासाठी हा खटाटोप चालला आहे, ते जाळून मिळणारी उष्णता सदतीस-अडतीस मेगाज्यूलच भरते. उत्पन्नाहून वसुलीचाच खर्च जास्त! उन्हात वाळवावे तर जागा आणखी लागते आणि माल कुजतो. ओल्या लगद्यालाच दाबाखाली तापवून त्याचे कच्चे तेल करण्याची रीत निघाली आहे, ती ह्या अडचणीवर बरीचशी मात करते, परंतु तिची यंत्रसामग्री महाग पडते. शेवाळ पिकवणे सोपे आहे. कापणी अवघड आहे.

ही कापणी फुकटात करणारा एक पाहुणा मात्र आपल्याच जिल्ह्यात येतो. उल्हास खाडीचा एक फाटा ठाण्याशी दक्षिणेकडे वळून ठाण्याच्या खाडीला मिळतो, आणि त्या खाडीच्या चिखलावर १९९० च्या दशकाच्या मध्यापासून दर हिवाळ्यात हजारोंच्या संख्येने रोहित पक्षी उतरू लागले. २०१५ साली तेथे त्यांचे अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ साली त्या पाणथळीला रामसर क्षेत्राचा दर्जा मिळाला. ह्या थव्यांत जो लहान रोहित असतो त्याचे मुख्य अन्न म्हणजे नीलहरित शैवाल व डायटम. मान खाली घालून, चोच उलटी करून तो पाण्यातून चालत राहतो. जीभ पंपाच्या दट्ट्यासारखी मागे-पुढे होत पाणी आत ओढते व बाहेर ढकलते, आणि चोचीच्या कडांवरील केसांएवढ्या बारीक पात्यांच्या झालरीत शेवाळ अडकून राहते. ज्या कामापायी कंपन्यांनी हात टेकले ते काम हा पक्षी उभ्या-उभ्या दिवसभर करतो. परंतु त्याच्या येण्याचा दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा आहे. ठाणे, नवी मुंबई व मुंबई ह्या शहरांचे सांडपाणी खाडीत उतरते, त्यातील नायट्रोजन व स्फुरद ह्यांवर शेवाळ पोसते, आणि त्या शेवाळावर हे पक्षी, असे पक्षितज्ज्ञांचे अनुमान आहे. म्हणजे सांडपाण्यावर शेवाळाची शेती होऊ शकते की नाही, हा प्रश्न ठाणे जिल्ह्यापुरता निकालात निघालेला आहे. ती विनापरवाना, विनादेखरेख, खाडीत चालूच आहे.

येथून पुढे विचाराची दिशा पालटते, आणि माझ्या मते ती पालटली पाहिजे. शेवाळाला खत लागते. सुक्या शेवाळाच्या वजनात सात-साडेसात टक्के नायट्रोजन असतो. तेव्हा वरच्या एक किलो तेलामागे सुमारे ३०० ग्रॅम नायट्रोजन, म्हणजे साडेसहाशे ग्रॅम युरिया हवा. युरिया नैसर्गिक वायूपासून होतो. एक इंधन जाळून दुसरे निर्माण करण्याचा हा आतबट्ट्याचा व्यवहार टाळावयाचा असेल तर नायट्रोजन अशा ठिकाणाहून घेतला पाहिजे जेथे तो नकोसा झालेला आहे. आणि अशी जागा म्हणजे आपले गटार. माणूस आपल्या शरीरातून रोज सुमारे दहा ग्रॅम नायट्रोजन बाहेर टाकतो. कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच बारा लाखांहून अधिक भरली होती. त्या हिशेबाने रोजचा नायट्रोजन बारा टन होतो. तो नाल्यावाटे नदी-खाडीत गेला म्हणजे काय होते, हे पाहण्यासाठी उन्हाळ्यात कल्याणजवळ उल्हास नदीवर पसरलेली जलपर्णीची चादर एकदा डोळ्यांखालून घालावी.

सांडपाण्याच्या शुद्धीकरणात शेवाळाचा उपयोग करण्याची विद्या आपल्याला परकी नाही. उलट ती महाराष्ट्रातच घासून-पुसून तयार झालेली आहे. नागपूरला १९५८ साली केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली, तीच १९७४ पासून नीरी ह्या नावाने ओळखली जाते. ह्या संस्थेने ज्या विषयांवर आरंभीच्या काळात परिश्रम घेतले त्यांत सांडपाणी स्थिरीकरणाची तळी हा एक प्रमुख विषय होता, आणि १९७० साली अशा तळ्यांची आखणी, बांधणी व देखभाल भारतीय परिस्थितीत कशी करावी ह्याविषयीचा ग्रंथ तिने प्रसिद्ध केला. त्या सुमारास अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम ओस्वाल्ड ह्यांनी तेच तळे अधिक उथळ करून, त्यात पाणी मंद गतीने फिरते ठेवून, शेवाळाचे उत्पन्न वाढवण्याची रीत बसवली होती. ह्या दोन्हींचे तत्त्व एकच. सांडपाण्यातील घाण कुजवणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू लागतो व ते कर्बवायू सोडतात. शेवाळाला कर्बवायू लागतो व ते प्राणवायू सोडते. दोघांचे एकमेकांवाचून अडते आणि दोघांच्या संसारात पाणी स्वच्छ होते.

येथे इंधनाचा जो लाभ आहे तो सहसा कोणी जमेस धरीत नाही, म्हणून त्याविषयी थोडे अधिक सांगतो. आज शहरांतून जी यांत्रिक मलशुद्धीकरण केंद्रे चालतात, त्यांत जिवाणूंना प्राणवायू पुरवण्यासाठी मोठमोठे ब्लोअर रात्रंदिवस हवा फुंकीत असतात, आणि केंद्राच्या एकूण विजेपैकी साधारण निम्मी वीज ह्या एकाच कामावर खर्च होते. वीजबिल थकले, पुरवठा खंडित झाला किंवा ब्लोअर बिघडला की जिवाणू गुदमरतात आणि अर्धेकच्चे पाणी खाडीत जाते. एक किलो शेवाळ वाढताना दीड किलोच्या आसपास प्राणवायू सोडते. दिवसा उन्हाच्या जोरावर हे काम आपोआप होत असेल, तर तेवढी वीज वाचली, तेवढा कोळसा चंद्रपुरात किंवा कोराडीत जळायचा राहिला. शेवाळाने दिलेले पहिले इंधन ते हेच: जे जाळावेच लागले नाही.

दुसरे इंधन वायूचे. तळ्यातील शेवाळ गोळा करून, न वाळवता, तसेच ओले बंद टाकीत कुजवले म्हणजे गोबरगॅससारखाच मिथेन मिळतो. तेल पिळण्याचा प्रश्न नाही, पाणी उडवण्याचा नाही, आणि विशिष्ट जात सांभाळण्याचाही नाही, तळ्यात जी उगवेल ती चालते. सांडपाण्यावरचे शेवाळ-जिवाणू मिळून गुठळ्या धरतात, त्यामुळे ते एकट्या शेवाळापेक्षा सुलभतेने तळाशी बसते. वायूतील कर्बद्विप्राणिल पुन्हा तळ्यात सोडला तर वाढीला मदतच होते. स्पेनमध्ये, मिठागरांसाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध असलेल्या कादिसच्या उपसागरालगत चिक्लाना नावाचे गाव आहे. तेथे युरोपीय संघाच्या साहाय्याने २०११ पासून नेमका हाच प्रयोग झाला आणि गावच्या सांडपाण्यावर वाढलेल्या शेवाळाच्या वायूवर मोटारी चालवण्यात आल्या.

कोपरच्या परिसरासाठी ढोबळ आकडेमोड करून पाहू. माणशी दहा ग्रॅम नायट्रोजन म्हणजे १३० ग्रॅम सुके शेवाळ. त्यापासून ३० लिटरच्या वर मिथेन. हजार माणसांमागे ह्याची उष्णता रोज दीड ते दोन घरगुती सिलिंडरांएवढी होते, म्हणजे त्या हजार माणसांच्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी अदमासे पाव हिस्सा. ही रक्कम डोळे दिपवणारी नाही. पण ती अशा वस्तूपासून मिळते जिची विल्हेवाट लावण्यासाठी आज आपण पदरचे पैसे मोजतो, आणि कुजून उरलेल्या रब्ड्यात नायट्रोजन व स्फुरद तसेच शिल्लक राहतात, ते शेताच्या कामी येतात. भातखाचरातील नीलहरित शैवाल हवेतला नायट्रोजन जमिनीत आणते, हे पी. के. डे ह्यांनी १९३९ सालीच दाखवून दिले होते. शेवाळ आणि भात ह्यांचे नाते कोकणच्या शेतकऱ्याला नवखे वाटू नये.

आता अडचणी. त्यांतील पहिली जागेची, आणि ती किरकोळ नाही. चौरस मीटरमागे रोज १५ ग्रॅम वाढ धरली तर माणशी नऊ चौरस मीटर तळे लागते. बारा लाख माणसांसाठी जवळजवळ अकरा चौरस किलोमीटर. डोंबिवलीत एवढी जमीन मिळेल असे म्हणणे हा वाचकांचा अपमान होईल. तिवरांना हात लावण्याचा तर प्रश्नच नाही. २००५ सालच्या उच्च न्यायालयाच्या आदेशापासून त्यांना जे संरक्षण मिळाले ते ह्या किनाऱ्याचे मोठे भाग्य आहे, आणि खाडी वाचवण्यासाठी तिवरे तोडणे ह्याहून विपरीत काही नाही. तेव्हा ही तळी शहराच्या सर्व पाण्यासाठी नव्हेत. महापालिकेच्या शुद्धीकरण केंद्रांच्या आवारात, खाडीकाठच्या ज्या खारजमिनी पिकाखालून गेल्या आहेत आणि जेथे तिवरे नाहीत अशा तुकड्यांवर, आणि जिल्ह्यातील ज्या गावांना अजून भुयारी गटारच नाही त्यांच्यासाठी, असा त्यांचा मर्यादित उपयोग आहे.

दुसरी अडचण पावसाची. ठाण्यात चार महिन्यांत अडीच मीटर पाऊस पडतो आणि आपले तळे असणार फूटभर खोल; म्हणजे पावसाळ्यात ते आठ वेळा भरून वाहील, आणि ऊन तर आठवडे-आठवडे दिसायचे नाही. येथे मिठागराचा कित्ता गिरवावा. आगराचे बांध, पाणी घेण्या-सोडण्याची उघाडी, उथळ वाफे, पावसाळ्यात सारे निसर्गाच्या हवाली करून दिवाळीनंतर पुन्हा डागडुजीला लागणे, ही खाडीकाठच्या आगरी समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची कामगिरी आहे. शेवाळाचे तळेही आठमाहीच चालवावे. ऑक्टोबर ते मे ह्या महिन्यांतच नदीचे पाणी आटते, सांडपाणी सर्वांत दाट असते आणि खाडीला त्याचा त्रास सर्वांत अधिक होतो. पावसाळ्यात पाण्याचा लोंढाच बरेचसे काम करून टाकतो व यांत्रिक केंद्रावरचा भारही पातळ होतो. बांध घालणारे आणि पाण्याची पातळी बोटांनी ओळखणारे हात ह्या भागात अजून आहेत. पंधरा-वीस वर्षांनी ते असतील की नाही, हे मी सांगू शकत नाही.

तिसरी गोष्ट अधिक कठोरपणे सांगितली पाहिजे. हे सर्व घरगुती सांडपाण्याविषयी चालले आहे, कारखान्यांच्या पाण्याविषयी नव्हे. डोंबिवलीच्या औद्योगिक पट्ट्याचा लौकिक सर्वांना ठाऊक आहे. २०१४ च्या जानेवारीत येथे हिरव्या रंगाचा पाऊस पडला आणि २०२० साली एक रस्ता गुलाबी झाला, ह्या बातम्या साऱ्या राज्याने वाचल्या. शेवाळ जड धातू आपल्या अंगी शोषून घेते. हा त्याचा गुण आहे; पण असे शेवाळ कुजवल्यावर जे खत उरेल ते शेतात घालणे म्हणजे विष परत ताटात घेणे. रसायनांचे पाणी आणि घरांचे पाणी एकाच नाल्यात जोवर मिसळत आहे, तोवर शेवाळाची तळी बांधून काही साधणार नाही, आणि हे मिसळणे थांबवण्यासाठी नव्या कोणत्याही शोधाची गरज नाही, अंमलबजावणीची आहे.

म्हणून शेवाळाच्या इंधनाविषयीचे माझे मत स्पष्ट आहे. मोटारीच्या टाकीत भरण्याचे तेल म्हणून त्याची जी वर्णने वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात, त्यांवर कोणा गृहस्थाने आपली ठेव गुंतवू नये. मात्र तेल देत नाही म्हणून त्याला मोडीत काढणे हाही अन्याय आहे. सांडपाणी शुद्ध करणे हे त्याचे मुख्य काम, वाचलेली वीज हा त्याचा नफा, आणि वायू व खत ही वरकड मिळकत, अशा क्रमाने ताळेबंद मांडला तर तो जुळतो. कल्याण-डोंबिवली, ठाणे, बदलापूर, अंबरनाथ ह्या नगरांच्या महासभांपुढे मलशुद्धीकरणाची नवी कामे वेळोवेळी मंजुरीस येत राहतील. ह्या भागातील नागरिकांनी व येथील महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र आणि अभियांत्रिकी विभागांनी मिळून त्या वेळी एवढीच मागणी करावी की, एखाद्या केंद्राच्या आवारात एक हेक्टराचे आठमाही तळे प्रयोगादाखल बांधले जावे. त्यात अकराशे माणसांचे घरगुती पाणी सोडावे. त्याचे उत्पन्न, प्राणवायू, वायू व खर्च ह्यांची दररोजची नोंद ठेवून ती तीन हंगाम लोकांसाठी खुली करावी. नागपूरचे शास्त्र तयार आहे, मिठागरांचे कसब तयार आहे, ऊन फुकट आहे. तरतूद तेवढी अंदाजपत्रकात व्हायची राहिली आहे.